बंद पडलेली बुलेट आणि शिळं पेट्रोल

समजा, बेसिंगस्टोकमधल्या एका गॅरेजमध्ये जुनी बुलेट पाच-सात वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. मद्रासला बनलेल्या या गाड्या १९७७ पासून ब्रिटनमध्ये येऊ लागल्या. नवी बॅटरी बसवली, किका मारून पाय दुखले, तरी इंजिन सुरू होत नाही. पाना हातात घेण्याआधी टाकीतल्या पेट्रोलचं काय झालं ते पाहू, कारण सफाईची पद्धत त्यावरच ठरते.

पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. पडून राहिलं की त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन सुरू व्हायला नेमके तेच लागतात. उरलेल्यांपैकी काहींचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो.

तिसरा बदल इथेनॉलमुळे होतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. भारतात हे प्रमाण आता २० टक्क्यांवर गेलं आहे. उसाच्या मळीपासूनही बनणारं हे इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. १० टक्के मिश्रणात १५ अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का पाणी विरघळलेलं राहू शकतं. गारठा वाढला की ही मर्यादा खाली येते. मग पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकी गंजते ती बहुधा तिथेच.

आता सफाई, क्रमाने.

१. जुनं पेट्रोल काढणं: पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे इथली थंडी आपल्याला वाचवत नाही. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरत कोपऱ्यातल्या बॉयलरपर्यंत पोचते. हे काम बाहेर, उघड्यावरच करा. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका; ते कुठे द्यायचं हे कौन्सिलला विचारा.

२. टाकी: कॉक काढून भोक बंद करा आणि टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. मग लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, या प्रमाणात द्रावण करून टाकी काठोकाठ भरा. गंजातलं लोह आम्लाशी संयोग पावून पाण्यात उतरतं. रात्रभर ठेवणं सहसा पुरतं; गंज संपला की आम्ल चांगला पत्राही खाऊ लागतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा, कारण उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होतो.

३. कार्ब्युरेटर: याला लिंबूसत्त्व लावू नका. तो जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि आम्ल त्यालाच खातं. इथला शत्रू गंज नसून डिंक आहे, म्हणून कार्ब्युरेटर क्लीनर आणि दाबाची हवा वापरा. रबरी भाग आधी काढून ठेवा. जेटच्या भोकात पोलादी तार मात्र घालू नका. ०.४० मिलिमीटरचं भोक घासून ०.४४ झालं, तर व्यास १० टक्केच वाढतो, पण क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी! तितकं जास्त पेट्रोल जाऊ लागतं, आणि मग कितीही ट्यूनिंग केलं तरी इंजिन धूर ओकत राहतं.

४. पाईप आणि फिल्टर: दोन्ही नवेच घाला, पाईप इथेनॉलला टिकणारा हवा. जुन्या गाडीसाठी इथे पंपावरचं सुपर पेट्रोल बरं, त्यात इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच असतं.

कॉक उघडल्यावर लगेच किक मारू नका. दहा मिनिटं थांबा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून पाहा. कागद ओला झाला तर कॉक बंद करून आधी ती गळती काढा. गरम इंजिनावर पडलेलं पेट्रोल दुसरी संधी देत नाही.