कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मूलनिहाय अध्ययन : कुंभकोणमचा धडा

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांच्या शालेय जीवनाचे गाव. 1904 मध्ये येथील टाउन हायस्कूलमधून गणिताचे पारितोषिक मिळवून ते शिष्यवृत्तीसह शासकीय महाविद्यालयात दाखल झाले. तथापि, गणितापुढे अन्य विषय मागे पडले; इंग्रजीत अनुत्तीर्ण झाल्याने शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासमध्येही ते एफ. ए. परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. त्याच रामानुजन यांना 1918 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने सदस्यत्व दिले. सर्वांना एकच माप लावणारी व्यवस्था असामान्य मुलाला ओळखू शकत नाही, तशीच मागे पडलेल्या मुलालाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ही उणीव भरून काढता येईल काय, याचा येथे विचार केला आहे.

तमिळनाडूचे प्रयोग

प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकू देण्याचा विचार संगणकावर अवलंबून नाही. 2003 मध्ये चेन्नई महापालिकेच्या काही शाळांत कृतीवर आधारित अध्ययन सुरू झाले. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या अनुभवाचा त्याला आधार होता. शिकण्याच्या पायऱ्या शिडीच्या रूपात मांडल्या जात आणि मूल आपल्या पायरीचे कार्ड घेऊन काम करी. 2007-08 मध्ये ही पद्धत राज्यभरातील प्राथमिक शाळांत नेण्यात आली. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘एण्णुम एळुत्तुम’ (अंक आणि अक्षर) या कार्यक्रमात मुलांचे अरुंबु, मोट्टु व मलर, म्हणजे कोवळी कळी, उमलू पाहणारी कळी व फूल, असे गट करण्यात आले. मात्र, प्रत्येक मुलाची पायरी सतत तपासण्याचा भार शिक्षकावरच राहतो.

यंत्राचे कार्य

येथे संगणक उपयोगी पडतो. समजा, मुलाने 52 मधून 27 वजा करून 35 आणि 40 मधून 16 वजा करून 36 असे उत्तर दिले. दोन्ही उत्तरे चुकीची असली तरी चुकीचे कारण एकच आहे : प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. प्रणाली हा आकृतिबंध ओळखून दशक सुटा करण्याचा सराव देते आणि पुढील प्रश्न त्यानुसार निवडते.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीवर आधारित शाळाबाह्य वर्गांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे साडेचार महिन्यांत, या वर्गांची संधी मिळालेल्या मुलांचे गुण इतरांच्या तुलनेत गणितात 0.37 व हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाने अधिक वाढले. या वर्गांत निम्मा वेळ संगणकावर, तर निम्मा वेळ छोट्या गटात शिक्षण-साहाय्यकासोबत जात असे. त्यामुळे हे यश एकट्या यंत्राचे मानता येणार नाही.

आवश्यक दक्षता

पहिली दक्षता भाषेची. मुलाच्या मातृभाषेतील, बोलीतील उच्चार व चुका प्रणालीला उमगल्या नाहीत, तर तिचे निदान फसेल. दुसरी माहितीची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व आहे. शाळांनी ते औपचारिकता मानू नये. तिसरी समानतेची. वीज, जोडणी व उपकरणे नसलेल्या शाळांत हे साधन दरी वाढवील.

चौथी दक्षता सर्वांत महत्त्वाची. चुका शोधून त्या दुरुस्त करणे एवढेच उद्दिष्ट ठेवलेल्या प्रणालीने रामानुजन यांना बहुधा इंग्रजीचाच अधिक सराव दिला असता. शालेय वयातच त्यांना जी. एस. कार यांचा हजारो प्रमेयांचा संग्रह मिळाला आणि त्यातून त्यांची वाट खुली झाली. मुलाचा कल वाढेल अशी पुढची सामग्री त्याच्यासमोर ठेवणे, हेही मूलनिहाय अध्ययनाचे अंग आहे. तसेच शिष्यवृत्ती, वर्गोन्नती यांसारखे निर्णय केवळ यंत्राच्या गुणांकनावर सोपवू नयेत.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने शिक्षणात नव्या तंत्रज्ञानाला स्थान दिले आहे. त्याचा लाभ मोजताना मुलाने पडद्यासमोर घालवलेले तास पाहू नयेत. त्याने ओलांडलेली पायरी पाहावी. यंत्राने निदान सुचवावे, शिक्षकाने ते पडताळावे आणि मुलाला त्याच्या गतीने, त्याच्या दिशेने वाढू द्यावे. कुंभकोणमच्या अनुभवातून हाच बोध घेता येतो.