ओट्याएवढ्या जागेत व्यायाम : हाऊस नाचाची पहिली पावले



साखर वाढली, रक्तदाब वाढला, वजन वाढले, की दवाखान्यात सल्ला ठरलेला असतो : रोज चाला. चालायचे कुठे, ते मात्र कोणी सांगत नाही. राहुरीत नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने चालायला निघावे तर ट्रक अंगावरून जातात आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. कृषी विद्यापीठाच्या बाजूला मोकळे रस्ते आहेत. पण पहाटे उठून पाणी भरणारी, डबे करून आठला कामावर निघणारी बाई तिथवर जाणार कधी? वस्तीतल्या गल्लीत दुचाक्या उभ्या, गटार उघडे, आणि संध्याकाळी चालायला निघालेल्या बाईला 'कुठे निघाली?' असे विचारणारी चार माणसे बसलेली. शाळा सुटलेल्या मुलीचे तर विचारूच नका. बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे खेळणे बंद होते आणि पुढची चाळीस वर्षे तिचे शरीर फक्त काम करते. काम म्हणजे व्यायाम नव्हे, हे आम्ही या पानावर पुन्हा सांगतो. वाकून भांडी घासल्याने कंबर दुखते, पण हृदयाचा दम वाढत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे दम थोडा वाढेल अशी हालचाल करावी, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे. ही मिनिटे दोन पावले लांब आणि दोन पावले रुंद जागेतही भरता येतात. त्यासाठी आज आम्ही नाच शिकवणार आहोत.

हा नाच 'हाऊस'. वस्तीतली पोरे मोबाइलवर पाहून जे 'शफल' करतात, ते याचे भावंड म्हणा. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९७७ साली वेअरहाऊस नावाचा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय तरुण तिथे गाणी लावायचा. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे, समलिंगीही पुष्कळ. शहरातल्या इतर ठिकाणी ज्यांना मानाने आत घेत नसत, अशी माणसे. वेअरहाऊसमधले संगीत ते 'हाऊस', आणि त्यावर न्यूयॉर्क-शिकागोच्या पोरापोरींनी जी पावले घडवली तो हाऊस नाच. कोणत्याही गुरुकुलात तो घडलेला नाही. एकाचे पाहून दुसऱ्याने उचलले, तसा तो वाढला.

क्लब म्हटले की आपल्या घरात पहिली शंका दारूची येते, आणि ती यायलाच हवी. पण न्यूयॉर्कमधला पॅराडाइज गॅरेज हा या नाचाचा मोठा अड्डा, १९७७ ते १९८७ चालला, आणि तिथे दारू विकलीच जात नव्हती. लोक रात्रभर नाचत ते नाचासाठीच. पाचवे शील सांभाळून हा नाच होतो, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

दुसरी शंका उपासिका विचारतात. नाच-गाण्यापासून दूर राहण्याचे शील अष्टशीलात आहे, रोजच्या पंचशीलात नाही. पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्यांनी त्या दिवशी सुट्टी घ्यावी, बाकी दिवस मोकळे.

तिसरी शंका कोणी उघड बोलत नाही, पण मुलगी दारात नाचू लागली की आजीच्या कपाळावर आठी पडते ती त्याच शंकेची. आपल्या बायकांना तमाशाच्या फडावर दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी नाचावे लागले, वरून त्यांनाच नावे ठेवली गेली. ही जखम खरी आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या पोहेगावच्या मूळच्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांच्या जगण्यावर २०२२ साली मोठा ग्रंथ लिहिला, तो मिळाला तर घरात जरूर वाचावा. आजीची आठी आम्हाला समजते. तरीही स्वतःच्या घरात, स्वतःच्या श्वासासाठी नाचणाऱ्या मुलीकडे त्या जुन्या नजरेने पाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता जागा. सिमेंटचा कोरडा ओटा सर्वांत बरा. घरातली फरशी चालेल, पण आधी पुसून वाळू द्या. ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडते. न्यूयॉर्कचे नाचे लाकडी जमिनीवर पाय सरकावा म्हणून टाल्कम पावडर टाकत. व्हिडिओत ते पाहून आपल्या गुळगुळीत टाइल्सवर कोणी पावडर टाकू नये. पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा कॅनव्हासचे बूट. स्लीपर नको, ती चवड्यात अडकून पाडते. साडी घोट्याच्या वर खोचा. वाढत्या मुलींना अंगाला नीट बसणारे आतले कपडे द्या, म्हणजे त्या संकोचाने खांदे पाडून नाचणार नाहीत.

ताल आपल्याला नवा नाही. हाऊसमध्ये ठोका सरळ चारचा आणि पावले आठात मोजतात. आपली कितीतरी भीमगीते केहरव्यात, म्हणजे आठ मात्रांत, बांधलेली असतात. शाळेत लेझीम केलेल्यांना तर आठाची मोजणी पाठच असते. मात्र खऱ्या हाऊस गाण्यात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडतात. नवशिक्याने त्याच्या निम्म्यावर सुरुवात करावी. भिंतीवरचे घड्याळ ऐका, एका टिकटिकीला एक पाऊल. आठवडाभर गाणे लावूच नका.

पहिले पाऊल, खरे तर पाऊल नव्हेच. खांद्याएवढे अंतर ठेवून उभे राहा, गुडघे ढिले. प्रत्येक ठोक्याला गुडघे थोडे खाली, मधल्या वेळात वर. छाती आणि कंबर त्याबरोबर लाटेसारखी हलू द्या. याला 'जॅक' म्हणतात, आणि सगळा हाऊस यावर उभा आहे. बहुतेक लोक हे कंटाळवाणे म्हणून टाळतात आणि थेट पायांच्या करामतींवर जातात. मग ताठ गुडघ्यावर शरीराचा भार आदळतो आणि पंधरा दिवसांत नडगी दुखू लागते. गुडघा वाकतो तेव्हा मांडीचा स्नायू धक्का झेलतो. तो ताठ असेल तर धक्का हाडाला आणि सांध्याला बसतो. वाकताना गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे, आत कलू नये. हे आरशात किंवा सावलीत बघा. दोन मिनिटे जॅक झाला की पोटऱ्या गरम होतात, तीच तयारी.

मग बाजूचे पाऊल. उजवा पाय उजवीकडे, डावा त्याच्याजवळ आणून टेकवा. डावा डावीकडे, उजवा त्याच्याजवळ. जॅक चालूच ठेवा. पाय आपटू नका. शेजारच्या खोलीत बाळ झोपले आहे असे समजून पाऊल ठेवा. आवाज आला नाही, तर गुडघ्यालाही धक्का बसला नाही.

तिसरे पाऊल खरे हाऊसचे. नाव फ्रेंच बॅलेतून आले आहे, 'पा द बुरे'. नावाला घाबरू नये, आम्ही त्याला 'मागे-बाजूला-पुढे' म्हणतो. उजवा पाय डाव्याच्या मागे टाका. डावा बाजूला उघडा. उजवा पुढे आणा. चौथ्या ठोक्याला थांबा. आता डावा मोकळा आहे : डावा उजव्याच्या मागे, उजवा बाजूला, डावा पुढे, थांबा. झाले आठ. तोंडाने मोठ्याने म्हणत करा, म्हणजे पाय गोंधळत नाहीत. मागे टाकलेला पाय चवड्यावर पडावा, टाच हलकेच टेकावी. पहिल्या दिवशी पायात पाय येतीलच, म्हणून पहिले तीन दिवस एका हाताने भिंत किंवा खिडकीचा गज धरा. पन्नाशीच्या पुढच्यांनी तर महिनाभर धरला तरी काही बिघडत नाही. पावले पक्की झाली की तीच तीन पावले दोन ठोक्यांत बसवायची; तिथे दम लागतो आणि खरी गंमतही तिथेच आहे. मागे-पुढे पाय टाकताना तोल सावरावा लागतो, आणि तोल सावरण्याचा हा सराव म्हातारपणी पडण्यापासून वाचवतो.

चौथे सोपे. उजवी टाच पुढे टेकवा, परत घ्या, उजवा चवडा मागे टेकवा, परत घ्या, मग डावा. पायांची बोटे आत-बाहेर पिरगाळून करतात तो हाऊसमधला अवघड प्रकार आम्ही मुद्दाम सोडला आहे. खडबडीत सिमेंटवर बूट अडकतो आणि पीळ गुडघ्यात जातो. पुढची पावले, ट्रेन, स्केट, फार्मर (होय, फार्मर म्हणजे शेतकरीच), पोरांनी सावकाश शिकावीत.

पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे पुरेत. मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत तीस मिनिटांवर या. आठवड्यात पाच दिवस केले की १५० भरली. जोर बरोबर आहे का, याला यंत्र लागत नाही. नाचताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. बोलताही येत नसेल तर हळू व्हा. शेवटी एकदम बसू नका, दोन मिनिटे जागच्या जागी पाय हलवून थांबा. पाळीच्या दिवसांत बरे वाटत असेल तर मुलींनी बंद ठेवायचे कारण नाही.

काहींनी आधी दवाखान्यात विचारावे : हृदयाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, गुडघा सुजलेल्यांनी. तिशीपुढच्यांची साखर व रक्तदाब तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती केली नसेल तर आशाताईंना विचारून करून घ्या. रक्तदाब १८०/११० किंवा वर असेल त्या दिवशी नाच नाही, डॉक्टरकडे जायचे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. तळपायाला बधिरपणा असेल तर अनवाणी कधीच नाही, आणि झाल्यावर तळवे उजेडात पाहावेत. टोचलेला खडा त्यांना कळत नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर 'थोडे बसते, बरे वाटेल' असे म्हणत बसू नये, १०८ ला फोन करावा.

पोरांसाठी जयंतीचे थोडे. १४ एप्रिलला आपल्याकडे ऊन कडक असते आणि डांबर तापलेले. वर्षभर न हललेले पाय त्या दिवशी चार तास उड्या मारतात, आणि दुसऱ्या दिवशी निम्मी पोरे लंगडतात. फेब्रुवारीपासून वरची पावले केलीत तर मिरवणुकीत उडी न मारताही रंगत आणता येईल. दर वीस मिनिटांनी पाणी, तासाभराने मीठ-साखरेचे. आणि डीजेच्या भिंतीला चिकटून नाचू नका. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी कान टिकतात, ९० ला ती मुदत ४ तासांवर येते. डीजेसमोर आवाज त्याहून पुष्कळ वर जातो, आणि गेलेले ऐकू येणे औषधाने परत येत नाही.

ज्या आजीला उभे राहून जमत नाही, तिने खुर्चीत बसावे. पाठीला आधार, दोन्ही पाय जमिनीवर. ठोक्याला टाचा वर, मग चवडे वर. आठ वेळा, मग थोडे थांबून पुन्हा आठ. नातीला समोर 'मागे-बाजूला-पुढे' करू द्या आणि मोजणी आजीने म्हणावी.