मोटारीचा सुटा भाग आणि हमीचा दावा

आपण विक्रेते आहोत, ही जाणीव व्यापाऱ्यास सदैव असते. परंतु आपण ग्राहकही आहोत, हे वस्तू बिघडल्याखेरीज सहसा आठवत नाही. करोंदच्या मंडीतून उचललेला माल जुमेरातीत वा हनुमानगंजात पोहोचविण्यास आज मालवाहू टेम्पो लागतो. घरी मोटार असते, मुनिमापाशी स्कूटर असते. ह्या वाहनांपैकी एखाद्याचा क्लच, बॅटरी वा अल्टरनेटर मुदतीच्या आतच निकामी झाला, म्हणजे दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी गॅरेजकडे आणि गॅरेजवाला थेट चालकाच्या पायाकडे. अशा वेळी मागणी कोणापाशी, कोठे आणि कशाच्या बळावर करावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचे मुख्य म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. व्यापाऱ्याचा दावा पुष्कळदा भाग चांगला की वाईट ह्या प्रश्नावर फसत नाही. वस्तू कशासाठी घेतली होती, ह्या प्रश्नावर फसतो. म्हणून दार ठोठावण्यापूर्वी आपले दार कोणते, हे ओळखले पाहिजे.

१. शर्त आणि हमी

१९३० च्या मालविक्री कायद्याने विक्रीच्या वचनांचे दोन प्रकार केले आहेत. जे वचन सौद्याचा प्राण असते, ती शर्त होय. ती मोडल्यास माल नाकारता येतो. जे वचन मुख्य हेतूस केवळ जोडून असते, ती हमी होय. ती मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते, पण माल परत करता येत नाही.

धान्याच्या व्यापाऱ्यास हा भेद नवा नाही. सिहोरच्या शरबती गव्हाची वानगी पाहून सौदा केला आणि पोती उघडल्यावर हलका गहू निघाला, तर शर्त मोडली, सबब माल नाकारता येतो. परंतु पोती वखारीत लावून घेतली आणि वाजवी मुदतीत नापसंती कळविली नाही, तर माल स्वीकारला असे कायदा धरतो. मग शर्तभंगाचेही मोल हमीभंगाइतकेच उरते. भरपाई मिळू शकेल, माल परत जाणार नाही. मोटारीच्या सुट्या भागासही हाच नियम लागू आहे. दोष दिसताच लेखी कळविणे, हे दाव्याचे पहिले पाऊल होय.

दुसरे असे की, हमीच्या कार्डावर लिहिले नाही तेवढ्याने विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. आपण गाडी दाखवून, 'हिला बसेल तो क्लच तुम्हीच द्या,' असे म्हटले आणि त्या दुकानदाराच्या माहितीवर विसंबलो, तर तो भाग त्या कामास योग्य असावा, ही शर्त कायदाच सौद्यात घालतो. उलट आपणच छापाचे नाव घेऊन अमुकच भाग मागितला, तर योग्यतेची ही शर्त लागू होत नाही. तरीही माल बाजारात खपण्याजोगा असला पाहिजे, ही अपेक्षा उरतेच. मात्र अशा शर्ती स्पष्ट कराराने वगळता येतात. म्हणून बिलाची मागील बाजू वाचल्यावाचून सही करू नये.

२. ग्राहक कोणास म्हणावे?

ग्राहकाच्या हक्काची चळवळ मराठी मुलखास जवळची आहे. बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ मध्ये पुण्यास ग्राहक पंचायतीचे काम आरंभिले. पुढे ग्राहक संरक्षण कायद्यास २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, व तो जुलै २०२० पासून अमलात आला. दोन्ही कायद्यांत एक कुंपण समान आहे: पुन्हा विकण्यासाठी अथवा व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा हा कायद्याच्या अर्थाने ग्राहक नव्हे.

ह्या कुंपणाची किंमत महाराष्ट्रातील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स ह्या लहान कारखान्याने मोजली. त्यांनी घेतलेल्या यंत्राविषयीच्या तक्रारीवर राज्य आयोगाने भरपाई मंजूर केली. राष्ट्रीय आयोगाने, यंत्र व्यापारी प्रयोजनासाठी घेतले होते, ह्या कारणाने तो निर्णय फिरविला. आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचेच म्हणणे मान्य केले. तीन पायऱ्या चढूनही यंत्राच्या दोषाचा प्रश्न बाजूसच राहिला.

त्याच निकालात न्यायालयाने एक सवलतही स्पष्ट केली. जो स्वतः रिक्षा वा ट्रक चालवून त्यावर आपला चरितार्थ चालवितो, तो ग्राहकच होय. जो ते वाहन सर्वस्वी दुसऱ्याकडून चालवून घेतो, तो नव्हे. पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले की, कंपनीच्या नावे घेतलेली मोटार संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी असेल, तर केवळ कंपनीच्या नावामुळे ती खरेदी व्यापारी ठरत नाही.

आपल्यापुरता निष्कर्ष असा. घरच्या मोटारीच्या भागाबद्दल आपण ग्राहक आयोगाकडे निःशंक जावे. पेढीच्या नावे असलेली, पण भागीदाराच्या घरगुती वापरातील मोटार असेल, तर तो वापर दाखविणारे पुरावे जोडावेत. स्वतः टेम्पो हाकून पोट भरणाऱ्या तरुणासही आयोगाचे दार खुले आहे. परंतु पगारी चालकाच्या हाती असलेला, पेढीचे धान्य वाहणारा टेम्पो असेल, तर दिवाणी न्यायालय हेच सुरक्षित दार होय. तेथे १९३० चा कायदा आपल्या पाठीशी असतो.

३. काय मागावे?

मागणी दोषाच्या मापाची असावी. जम्मू-काश्मीरमधील एका मारुती मोटारीचा क्लच सदोष निघाला. खरेदीदाराच्या बाजूने नवी गाडी देण्याचा आदेश झाला होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला. हमीपत्रातील वचन सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलून देण्याचे आहे, संपूर्ण गाडी बदलण्याचे नाही, असे सांगितले.

ह्याचा अर्थ गाडी कधीच बदलून मिळत नाही, असा नव्हे. दिल्लीच्या एका खरेदीदाराच्या ह्युंदाई मोटारीस २०१७ मध्ये अपघात झाला, तेव्हा समोरच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. टक्कर पुरेशा जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. टकरीच्या वेगाचे गणित करण्यास खरेदीदार काही भौतिकशास्त्राचा पंडित नसतो, अशा आशयाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिले, आणि भरपाई व गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. जो भाग जीव वाचविण्यासाठीच बसविला, तो ऐन वेळी निरुपयोगी ठरला, म्हणजे प्रश्न त्या भागाच्या किमतीचा राहत नाही.

४. कोणाविरुद्ध मागावे?

गोव्यात एका खरेदीदाराने २०११ सालच्या टाटा मोटारीचे मोल दिले. हाती आली ती २००९ सालची, आधीच काही अंतर धावलेली. राष्ट्रीय आयोगापर्यंत विक्रेत्याबरोबर उत्पादकासही जबाबदार धरले गेले होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकास मोकळे केले. कारण विक्रेता हा स्वतंत्र व्यापारी होता आणि त्याचे हे कृत्य उत्पादकास ठाऊक होते, असे सिद्ध झाले नाही. ह्यावरून बोध घ्यावा तो असा: तक्रारीत दोघांनाही सामील करावे, पण कोणाचा दोष कोणता, हे वेगवेगळे लिहावे.

बाहेरच्या गॅरेजात गाडी दाखविली, एवढ्याच कारणावरून हमी नाकारली जाते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांविरुद्ध आदेश दिला. सुटे भाग खुल्या बाजारात न देण्याबद्दल त्यांस दंड केला, आणि स्वतंत्र गॅरेजात काम करून घेतले म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असेही बजावले. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. तथापि बाहेरच्या कामामुळेच हा दोष कसा उत्पन्न झाला, हे कंपनीस लेखी विचारण्यास आपणांस कोणतीच आडकाठी नाही.

५. कागद, वस्तू आणि मुदत

(अ) पक्के बिल घ्यावे. त्यावर भागाचा क्रमांक, तारीख आणि गाडीचा क्रमांक असावा. कर वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाचा दावा उभा राहणे कठीण.

(आ) जॉब कार्डावर किलोमीटरचा आकडा व आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी. 'तपासणी' एवढाच शब्द लिहू देऊ नये.

(इ) निकामी भाग टाकून देऊ नये. दोष तपासणीवाचून कळण्याजोगा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. वस्तूच नसेल तर तपासावे काय? गॅरेजने भाग ठेवून घेतला, तर त्याची पोच घ्यावी.

(ई) बॅटरीच्या कार्डावर दोन मुदती असू शकतात: पहिलीत बदलून देणे, दुसरीत केवळ किमतीत सूट. दोन्ही तारखा वहीत टिपून ठेवाव्यात.

(उ) आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत करावी. दिवाणी दाव्यास करारभंगापासून ३ वर्षे मिळतात. चुकीच्या दाराशी घालविलेला काळ ह्यातून वजा होण्याचा धोका असतो.

(ऊ) दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाकडे जावे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. आपण जेथे राहतो वा काम करतो, तेथेच तक्रार करता येते. सबब कारखाना पुण्यास असो वा पिथमपुरास, भोपाळचा ग्राहक भोपाळातच दाद मागू शकतो. आरंभी १९१५ ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

शेवटी एक गोष्ट विक्रेता ह्या नात्याने. २०१९ च्या कायद्यानुसार, उत्पादकाच्या हमीहून वेगळे वचन विक्रेत्याने स्वतः दिले आणि वस्तू त्यास उतरली नाही, तर त्यापासून झालेल्या हानीची जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. गल्ल्यावर बसून 'काही झाले तर आम्ही आहोत,' असे आपण सहज बोलून जातो. ते बोलण्यापूर्वी तोलावे. आणि बोलल्यावर, गिऱ्हाईक निकामी वस्तू घेऊन पायरीशी आले, तर जे आपण त्या सुट्या भागाच्या दुकानदाराकडून अपेक्षितो, तेच त्यास द्यावे. घेण्याचे माप आणि देण्याचे माप एकच असावे, हे धान्याच्या व्यापाऱ्यास दुसऱ्याने शिकवावे लागू नये.