धायटीचे फूल व द्राक्षारिष्ट

इटलीतील पीडमाँट प्रांतात द्राक्षाच्या मद्यात कडू व सुगंधी वनस्पती मुरवून व्हर्मुथ तयार करतात. तूरीन शहरी कार्पानो याने १७८६ मध्ये तो विक्रीस आणला. त्यातील मुख्य कडू वनस्पती आपल्या दवण्याचीच जातबहीण होय. तांबड्या व्हर्मुथचा रंगही बहुधा द्राक्षाचा नसून करपविलेल्या साखरेचा असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आपल्याकडील द्राक्षारिष्ट याच्या जवळचे. मात्र ते औषध आहे. व्हर्मुथमध्ये मद्यार्क वरून मिसळतात, अरिष्टात तो आंबण्यानेच निर्माण होतो. त्यासाठी मनुकांच्या काढ्यात गूळ, दालचिनी, वेलदोडे इत्यादींबरोबर धायटीची फुले घालतात. फुलांबरोबर येणारे किण्व गुळातील साखरेचा मद्यार्क करते. काढा पुरता निवल्यावरच फुले घालावयाची, कारण उकळत्या काढ्यात किण्व मरते.

नांदुऱ्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या उतारांवर धायटीची झुडपे आढळतात. उन्हाळ्याच्या तोंडी ती तांबड्या फुलांनी भरून जातात. फुलांसाठी फांद्या तोडू नयेत; झुडूप खुरटले की पुढील बहर बुडालाच. फुले हातांनी खुडावीत, सावलीत पातळ पसरून वाळवावीत व कोरड्या जागी ठेवावीत. बुरसलेली फुले घातल्यास अरिष्ट बिघडते आणि दोष मात्र गुळाला दिला जातो!

राखीव वनातील फुले वेचण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. विक्रीसाठी अरिष्ट तयार करण्यास औषधनिर्मितीचा परवाना लागतो.