प्रवासवर्णन : वाटेवरची नावे

प्रवासवर्णनात स्थळांची नावे येतात तेव्हा वाचक बहुधा ती ओलांडून पुढे जातो. गंगोत्री ते गोमुख ही सुमारे १८ किलोमीटरची खडतर पायवाट घ्या. भागीरथीच्या काठाने चढणाऱ्या या वाटेवर आधी चीडबासा लागते, मग भोजबासा. ‘बासा’ म्हणजे वास. पहिला चिडांचा, दुसरा भूर्जांचा. उंचीबरोबर वृक्ष कसे बदलतात, हे नावांतूनच कळते.

चीडबासा सोडल्यावर कड्यांखाली दगडमातीचे सैल उतार दिसू लागतात. गंगोत्री हिमनदी पूर्वी बरीच खालपर्यंत पसरलेली होती. मागे सरताना तिने टाकलेल्या दगडगाळाला हिमोढ म्हणतात. अशा उतारांवरून दगड सुटत असतात, म्हणून जाणकार तेथे रेंगाळत नाहीत.

भोजबासा मात्र आपल्या नावाला मुकले आहे. तेथील भूर्जवन मुख्यतः सरपणासाठी तोडले गेले. ज्याच्या सालीवर आपल्या प्राचीन पोथ्या लिहिल्या गेल्या, तोच हा वृक्ष! गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी त्या परिसरात पुन्हा भूर्जांची लागवड आरंभली. परंतु इतक्या उंचीवर रोप फार सावकाश वाढते. येथे ‘रम्य वनश्री’ असे लिहून मोकळा होणारा लेखक वाचकाला फसवतो, असे आम्हांला वाटते.

स्वाध्याय : वडगाव, पिंपळगाव यांसारखे वृक्षावरून नाव पडलेले आपल्या परिसरातील एक गाव निवडा. तो वृक्ष तेथे आज आहे काय, हे प्रत्यक्ष पाहून दहा ओळी लिहा.