जमिनीचा खंड : रिकार्डोचा सिद्धांत आणि इंदापूरचा धडा

खंडाचा व साऱ्याचा आंकडा शेतकऱ्यास तोंडपाठ असतो. परंतु तो कोणत्या तत्त्वावर उभा आहे, याचा विचार क्वचितच होतो. ज्या तत्त्वाची झळ एके काळीं पुणें जिल्ह्यांतील रयतेस प्रत्यक्ष लागली, तें वाचकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यानें आपला प्रमुख ग्रंथ इ. स. १८१७ मध्यें प्रसिद्ध केला. समाजाचे त्यानें तीन वर्ग कल्पिले : जमीनमालक, भांडवलवाले व मजूर. देशाचें उत्पन्न खंड, नफा व मजुरी या रूपांनीं या तिघांत कसें वांटलें जातें, हें शोधणें हेंच अर्थशास्त्राचें मुख्य कार्य, असें त्याचें मत होतें.

खंडाची उपपत्ति उदाहरणानें पाहूं. समजा, सारख्याच खर्चांत उत्तम जमिनींत ८ मण, मध्यम जमिनींत ६ मण व कनिष्ठ जमिनींत ४ मण जोंधळा पिकतो. लोकवस्ती थोडी असतां उत्तम जमीनच पुरते. तिला कोणी खंड देत नाहीं. वस्ती वाढली म्हणजे धान्य महागतें आणि कनिष्ठ जमीनही नांगराखालीं येते. तिचे ४ मण खर्च व नेहमींचा नफा यांतच संपतात. परंतु मध्यम जमिनीवर २ मण व उत्तम जमिनीवर ४ मण अधिक उरतात. हाच खंड होय. अर्थात् खंडामुळें धान्य महागत नाहीं; धान्य महागतें म्हणून खंड चढतो. मालक कांहीं न करतां श्रीमंत होतो. यास्तव त्याचें हित इतर वर्गांच्या हिताआड येतें, असा रिकार्डोचा निष्कर्ष होता.

रयतवारी पद्धतींत मालकाच्या जागीं सरकार बसलें. तेव्हां हा वाढावा साऱ्याच्या रूपानें सरकारनें घ्यावा, असा विचार पुढें आला. १८२८ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्यानें पाहणी सुरू केली व निव्वळ उत्पन्नाचा शेंकडा ५५ भाग सारा ठरविला. तत्त्व कागदावर निर्दोष होतें. परंतु मोजणी व उत्पन्नाचे अंदाज चुकले. सारा डोईजड झाला आणि अनेकांनीं जमिनी टाकून गांव सोडलें. पुढें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ पासून इंदापूर तालुक्यांत नवी पाहणी केली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून त्यांनीं जमिनीची प्रत व मागील वसुलीचा अनुभव पाहिला, आणि हलका सारा ३० वर्षांकरितां कायम केला. त्यानंतर पडीत जमिनी पुन्हां लागवडीस आल्या.

यांतून घ्यावयाचा बोध असा : सिद्धांत खोटा नव्हता, हिशेब खोटा होता. घरच्या माणसांचे श्रम, बैलांचा चारा आणि अवर्षणाचीं वर्षें खर्चांत न धरल्यास ‘वाढावा’ कागदावरच दिसतो. म्हणून खंडानें जमीन देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें एका चांगल्या सालावर विसंबूं नये; निदान पांच वर्षांची वही समोर ठेवूनच आंकडा ठरवावा. ज्याची वही कोरी, त्याचा हिशेब दुसराच कोणी मांडतो.