अर्धसंवाहकाची पारख

पर्वत पाटियाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या कुटुंबांस लूमखाते आणि एम्ब्रॉयडरीचे मशीन यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. खानदेशातून आलेल्या कित्येकांनी त्याच कामावर येथे घरे उभी केली. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये, कापडधंद्यातूनच वर आलेल्या सुची समूहाने सुरतेत अर्धसंवाहक चिपचा कारखाना सुरू केला, तेव्हा मुलांपेक्षा पालकांनीच आम्हांस अधिक प्रश्न विचारले. "मास्तर, तिथं आमच्या पोराला काय काम मिळणार? ती काय लूम आहे?" असे एक गृहस्थ म्हणाले. त्यांस रस्त्यात उभ्याउभ्या जे सांगता आले नाही, ते येथे सांगतो.

तांबे विजेला वाट देते, काच ती अडविते. सिलिकॉनची जात या दोहोंच्या मधली आहे. त्यात फॉस्फरस किंवा बोरॉन अगदी नाममात्र मिसळले की वीज सोडणे वा रोखणे आपल्या हाती येते, आणि नखाएवढ्या तुकड्यावर असे लक्षावधी सूक्ष्म दरवाजे घडविता येतात. जकार्डच्या पुठ्ठ्यास भोक असले तर धागा उचलला जातो, नसले तर नाही. एवढ्या हो-नाहीतून पदरावर मोर उमटतो. चिपचे गणितही याच जातीचे आहे.

सुरतेच्या कारखान्याचे काम सिलिकॉनची चकती घडविण्याचे नव्हे. घडलेल्या चिपा बसवून, जोडून, आवरणात बंद करून तपासणे हे त्याचे काम. 'म्हणजे नुसते पॅकिंगच ना?' असे कोणी म्हणेल, पण खरी मेख येथेच आहे. चिपचा तुकडा बाहेरच्या पायांशी जोडतात तो सोन्याच्या किंवा तांब्याच्या तारेने, आणि ही तार पुष्कळदा अवघी २५ मायक्रॉन जाडीची, माणसाच्या केसाहून बारीक असते. जरीची तार ओढणाऱ्या शहरास याचे फार नवल वाटू नये.

हेच काम संरक्षण आणि अवकाश खात्यांसाठी करावयाचे झाले की कसोटी कडक होते. घरगुती उपकरणांतील चिपने साधारणतः ० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालावे अशी अपेक्षा असते. कारखान्याच्या यंत्रांतील चिपने उणे ४० ते ८५, आणि लष्करी चिपने उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत. प्लॅस्टिक हवेतील ओल शोषते, म्हणून अशा चिपांस बहुधा सिरॅमिकचे किंवा धातूचे हवाबंद आवरण देतात व त्यास कोठे फट राहिली काय ते हेलियम वायूने पाहतात. पुढे त्या १२५ अंशांच्या भट्टीत, विजेवर चालू ठेवून, १६० तासांच्या आसपास तापवितात. जी कच्ची असेल ती भट्टीतच मरावी, आकाशात नव्हे.

अग्निबाणाची चिप सर्वांत वेगवान असते, हा समज चुकीचा आहे. आजच्या उंची मोबाइलमधील चिपा '३ नॅनोमीटर' म्हणविणाऱ्या तंत्राने बनतात. उलट मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत इस्रोसाठी बनलेला 'विक्रम ३२०१' हा प्रोसेसर १८० नॅनोमीटरचा, म्हणजे या धंद्यात जुनाट समजल्या जाणाऱ्या तंत्राचा आहे. त्याचा १६-बिटी पूर्वज २००९ पासून आपल्या अग्निबाणांत काम करीत आला. नव्याची परीक्षाही प्रत्यक्ष अवकाशात, डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत झाली. येथे वेगापेक्षा भरवसा मोलाचा.

आणि हा भरवसा नेहमीच विकत मिळतो असे नाही. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्या अनेक संस्थांवर निर्बंध घातले, त्यांत इस्रोही होती. त्याआधी ७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीच्या कारखान्यास आग लागली आणि आपण या विद्येत कित्येक वर्षे मागे पडलो. ही हानी एखादे लूमखाते जळण्यासारखी नव्हती. हात शिकलेली माणसे पांगली की यंत्रे आणूनही काम उभे राहत नाही.

त्या गृहस्थांस आता उत्तर देतो. अशा कारखान्यांत अभियंते लागतात, तसेच इलेक्ट्रॉनिक्सचे डिप्लोमावाले आणि आय.टी.आय. शिकलेलेही लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली तारेचा जोड पाहणारी स्थिर नजर लागते, आणि धूळ चालत नाही म्हणून डोक्यापासून पायांपर्यंत अंगरखा घालून तासन्‌तास बसण्याचा धीर लागतो. त्यांनी फक्त मुलाचे विचारले. त्यांची कन्याही आमच्या वर्गात आहे, यंदा दहावीस बसेल. विज्ञानात ती भावाहून चांगली आहे. भूमितीकडे मात्र थोडे लक्ष द्यावे लागेल.